लक्ष तिथेच होते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या सोमवारी पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेले होते. टोकन साठ. नंबर दाखवणारा बोर्ड बंद, डोक्यावर पंखा, शेजारच्या खिडकीत नोटा मोजायच्या यंत्राची फडफड आणि काचेपलीकडून पुकारा. मला ऐकू आले ‘आठ’. बसून राहिले. तिसऱ्यांदा पुकारून झाल्यावर कारकून बाहेर आला, “आजी, लक्ष कुठंय तुमचं?” सगळ्यांनी वळून पाहिले. अहो, जिवाचा कान करून बसले होते मी! ते वाक्य फार लागले.

१९७६ साली मी सांगलीत टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर, म्हणजे परगावचे कॉल जोडून देणारी, म्हणून लागले. लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा. ‘स’ची सळसळ बरीचशी त्याच्या वरची, ती वाटेतच गळायची. मग साठ की आठ हे आम्ही उलट विचारून पक्के करायचो, “सहावर शून्य का?” गळलेला भाग आमचे डोके भरून काढायचे. हळदीचा अडत्या कॉल बुक करतोय म्हटल्यावर खरखरीतून नुसते ‘...रोड’ आले तरी तमिळनाडूतली हळदीची पेठ, इरोड, हे कळायचे.

आता एकाहत्तराव्या वर्षी माझा कानच त्या लाइनसारखा झाला आहे. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात, व्यंजने निसटतात. घरी शांततेत संदर्भावरून जुळवून घेता येते. गोंगाटात मात्र हवा तो आवाज वेगळा काढायचा, अर्धा शब्द धरून ठेवायचा, अंदाज बांधायचा, तोवर पुढचे वाक्य निघून गेलेले असते. लग्नाच्या हॉलमध्ये तासाभरात डोके शिणते आणि मी कोपरा गाठते. माझ्या वयाच्या कितीतरी बायका असे कोपरे धरून बसलेल्या दिसतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण उपाय करता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत ऐकू कमी येणे हेही आहे. म्हणून हा कोपरा मला साधा वाटत नाही.

माझी तपासणी बंद खोलीत एकेक ‘पीं’ ऐकवून झाली आणि ‘वयाच्या मानाने ठीक’ असा रिपोर्ट मिळाला. गोंगाटात वाक्ये ऐकवून करायची चाचणी वेगळी असते. ती मी स्वतः विचारली तेव्हा झाली, आणि माझी अडचण तिथे कागदावर आली. ज्येष्ठांच्या तपासणीत ही चाचणी नेहमीचीच असावी, आणि मराठी वाक्यांवर व्हावी.

बँका, दवाखाने, एस.टी. स्थानके यांनी निदान नंबरचे बोर्ड चालू ठेवावेत, काचेच्या खिडकीला माइक बसवावा. आणि खिडकीमागच्या मुलामुलींनो, आमच्यावर ओरडू नका. ओरडल्याने स्वर मोठे होतात, ‘स’ त्या मानाने फारसा वाढत नाही. तोंड आमच्याकडे करून, सावकाश, “साठ, सहावर शून्य” एवढे म्हणा.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, सांगली