बासष्ट गुंठ्यांविषयी आई-बाबांस

नाशिक

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी देवळात झालेल्या सभेचा वृत्तान्त दादाने सांगितला. एका बाजूला ‘नैना रद्द करा’, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतालच्या गावांसाठीची सिडकोची योजनाच नको, असे म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘चाळीस टक्के तर चाळीस टक्के, पण एकदाचा निकाल लागू द्या’ म्हणणारे, आणि बाबा, तुम्ही कोणाच्याच बाजूने न बोलता उठून आलात, असे तो म्हणाला. रात्री तुम्ही मला एवढेच विचारलेत की तू मुलांना नकाशे काढायला शिकवतेस, तर आपल्या शेतांवर वसाहत येणार म्हणतात तिचे तूच सांग. फोनवर ते नीट सांगता आले नसते, म्हणून लिहिते आहे.

सभेत सगळा वाद चाळीस टक्क्यांवर झाला, तेव्हा आधी तो हिशेब. ही नगररचना योजना आहे, भूसंपादन नव्हे. भूसंपादनात जमीन जाते आणि मोबदला मिळतो. नगररचना योजनेत साऱ्यांच्या जमिनी एकत्र धरून त्यांतून रस्ते, बागा, शाळा आणि इतर कामांसाठीची जागा काढली जाते आणि उरलेल्यातून प्रत्येकाला नवा भूखंड दिला जातो; नैनात तो मूळ जमिनीच्या चाळीस टक्के असतो. त्यामुळेच २०१३ च्या भूसंपादन कायद्यातली सत्तर किंवा ऐंशी टक्के संमतीची अट इथे लागत नाही, आणि ‘आम्ही सही दिली नाही तर योजना होणारच नाही’ असे सभेत जे सांगितले गेले, ते खरे नाही. आपल्या बासष्ट गुंठ्यांचे चाळीस टक्के म्हणजे सुमारे पंचवीस गुंठे होतात. त्या पंचवीस गुंठ्यांवर अडीच चटई क्षेत्र, म्हणजे जागेच्या अडीच पट बांधकाम मिळते, तेव्हा बांधकामाचा हक्क पुन्हा बासष्ट गुंठ्यांएवढाच भरतो. ज्याला उंच इमारत उभारायची आहे त्याचे काही जात नाही, हे म्हणणे हिशेबाने बरोबर आहे. पण ज्याला भात पिकवायचे आहे, पावसाळा सरल्यावर त्याच ओलीवर वाल पेरायचे आहेत, त्याच्या हातून सदतीस गुंठे निश्चित जातात. गावातले दोन्ही पक्ष खरेच बोलत आहेत, मात्र एक जण माती मोजतो आहे आणि दुसरा मजले.

आई, सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याच्या योजनेचे उदाहरण तुझ्या माहेरचेच आहे. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि नवघरला गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले, आणि शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून विकसित भूखंडाचा हक्क उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांच्या पदरात पडला. मामाने मात्र भूखंड ताब्यात येण्याआधीच आपली फाइल, म्हणजे भूखंडावरचा हक्क, दलालाला विकली. ते पैसे मावशीच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये संपले, आणि पुढे त्याच भूखंडावर उभ्या राहिलेल्या इमारतीकडे तो एसटीच्या खिडकीतून बोट दाखवत असे. मी तेव्हा लहान होते, पण त्याचा तो चेहरा मला अजून आठवतो. म्हणून दादाकडे जो बिल्डरचा माणूस विकसन करारनाम्याचा मसुदा देऊन गेला आहे, त्यावर अंतिम भूखंड क्रमांक हाती येईपर्यंत कोणीही सही करू नये, एवढे मी ठामपणे सांगते. पुण्यातल्या मगरपट्टा वसाहतीचे नाव तो माणूस घेतो. पण तिथे सुमारे एकशेवीस शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांहून अधिक जमीन एकत्र करून स्वतःचीच कंपनी काढली होती, आणि या करारनाम्यात शेतकऱ्याचा वाटा कंपनीत कुठेच नाही.

आता मला जे खरोखर सांगायचे आहे ते सांगते. सभेत पाण्याविषयी कोणी एक शब्द काढला नाही.

बाबा, २६ जुलै २००५ ला ओढ्याचे पाणी आपल्या ओटीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आले होते, तिसरीवर चढले नाही. त्या संध्याकाळी तुम्ही डोक्यावर इरले घेऊन, हातात फावडे घेऊन निघालात आणि वरच्या तिन्ही खाचरांचे बांध एकेक करून फोडलेत, कारण वर तुंबलेले पाणी एकदम कोसळले असते तर खालचे सगळे बांध वाहून गेले असते. मी पडवीतून पाहत होते. पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरत होते आणि प्रत्येक ठिकाणी थोडे थांबत होते. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी गाढी नदीत उलटे शिरते आणि आपल्या ओढ्याचे पाणी पुढे जात नाही. ओहोटी लागेपर्यंतचे सहा तास त्याला कुठेतरी थांबावे लागते, आणि ते आपल्या खाचरांत थांबते. बासष्ट गुंठ्यांत अर्धा फूट पाणी उभे राहिले तर साडेनऊ लाख लिटर होते, म्हणजे दहा हजार लिटरचे पंच्याण्णव टँकर, आणि हे एकट्या आपल्या शेताचे.

वसाहत बांधायची तर शेतात भराव घालणार. गेल्या वर्षी ओढ्यापलीकडे एकाने आपल्या भूखंडावर चार फूट मुरूम टाकला आणि श्रावणात शेजारच्या आळीतल्या तीन घरांत पाणी शिरले, हे आईनेच मला कळवले होते. एका भूखंडाने हे होते, तर ओढ्याकाठची सगळी खाचरे भरली गेल्यावर गावठाण वाटीच्या तळासारखे होईल, कारण घरे जुन्या पातळीवरच राहतील. नकाशावर भूखंडांची लांबी-रुंदी असते, उंची नसते, आणि मी वर्गात मुलांना सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा शिकवते म्हणून मला त्या कोऱ्या जागेची भीती वाटते.

मी योजनेच्या सरसकट विरोधात नाही. तुमचे गुडघे आता लावणीला साथ देत नाहीत, मजूर मिळत नाहीत, आणि दादाला गावठाणात आणखी एक खोली काढायला जागा नाही, हे मी जाणते. पण ओढ्याच्या दोन्ही काठांची खाचरे भराव न घालता मोकळी ठेवावीत, बाग किंवा मैदान तिथेच दाखवावे, आणि रस्त्यांची व भूखंडांची पातळी गावठाणाच्या जोत्यांशी ताडून नकाशावर लिहावी, ही मागणी आपण लेखी केली पाहिजे. मसुदा योजना प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांच्या आत हरकत घेता येते. पुढे लवाद नेमला जातो आणि तो प्रत्येक मालकाचे म्हणणे ऐकून भूखंड ठरवतो, तेव्हा आज दिलेल्या कागदाचा आधार होतो. ‘रद्द करा’ म्हणणाऱ्यांनीही हा अर्ज द्यावा. त्याने त्यांचा विरोध कमी होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला आवडणार नाही. सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव आहे. नवा भूखंड सातबाऱ्यावरील नावांनी निघतो, तेव्हा वारस नोंद आधी करून घ्या आणि त्यात दोन्ही आत्यांची नावे लावा. धाकट्या आत्याला हक्कसोड पत्र द्यायला सांगू, असे दादा म्हणाला. तिला आधी भेटून विचारावे, घरी कागद पाठवू नये. आजोबांच्या आजारपणात दोन महिने तीच उशाशी बसली होती.

मी शनिवारी दुपारपर्यंत पोहोचते. सातबारा, आठ-अ आणि कपाटातल्या ट्रंकेतला जुना फाळणीचा, म्हणजे शेताच्या पोटहिश्श्यांचा, नकाशा काढून ठेवा. बाबा, ओटीच्या पायरीवर पाण्याची जी खूण तुम्ही तेव्हा खिळ्याने कोरली होती, ती रंगाखाली गेली असल्यास आईकडून घासून घ्या. मी पातळी मोजायची नळी घेऊन येते आहे. त्या खुणेपासून ओढ्यापलीकडच्या भरावापर्यंतची उंची मला तुमच्यासमोर मोजायची आहे, म्हणजे अर्जात तो आकडा लिहिता येईल.

प्रकृतीस जपावे. गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

तुमची लेक