पदकाच्या अलीकडचे घर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या मराठी सैनिकांवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेख चांगलाच आहे. मात्र नाईक यशवंत घाडगे यांच्या वाट्याला त्यात जेमतेम एक परिच्छेद आला आणि तोही व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकापाशी येऊन थांबला. मी तीस वर्षे कोपरखैरण्यात राहतो, पण माझे गाव घाडग्यांच्याच माणगाव तालुक्यातले, म्हणून राहवले नाही.

पराक्रमाची हकिगत आता बहुतेकांना ठाऊक आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीने हल्ला चढवला, तेव्हा मशीनगनच्या माऱ्यात घाडग्यांच्या तुकडीतला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. मागे कोणी उरलेले नाही हे कळत असताना ते एकटे धावून गेले, हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपले आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हटल्यावर तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले. जिंकलेल्या त्याच ठाण्यात छातीत आणि पाठीत गोळ्या लागून त्यांचा अंत झाला. वय होते बावीस.

हे सारे सन्मानपत्रात नोंदलेले असल्यामुळे ते पुन्हापुन्हा छापून येते. पण हा बावीस वर्षांचा मुलगा कोणाचा होता? राष्ट्रकुलाच्या युद्धस्मृती नोंदवहीत त्यांच्या नावापुढे एक ओळ आहे: वडील बालाजीराव, आई विठाबाई, पत्नी लक्ष्मीबाई, राहणार पळसगाव, जिल्हा कुलाबा. (कुलाब्याचा रायगड १९८१ साली झाला.) परक्यांच्या कारकुनीला ही तीन नावे लिहून ठेवावीशी वाटली आणि आपल्या मराठी लेखांतून नेमकी तीच गळतात, याचे मला नवल वाटते.

१० जुलै म्हणजे आमच्याकडे भर भातलावणीचे दिवस. घरातली बायामाणसे सकाळपासून गुडघाभर चिखलात वाकलेली असतात आणि इरल्याखालून समोरचा बांधही धड दिसत नाही. विठाबाई आणि लक्ष्मीबाई त्या दिवशी काय करत होत्या, याची नोंद कुठेच नाही, पण आमच्या भागात त्या आठवड्यात दुसरे काय चालते हे मला माहीत आहे. माझे एक चुलत आजोबा त्याच काळात पलटणीत होते. आजी सांगायची, की पोस्टमन आळीच्या तोंडाशी दिसला की बायका हातातली रोपांची मूठ खाली न ठेवता तशाच उभ्या राहायच्या, कारण त्याच्या पिशवीत मनीऑर्डर आहे की तार, हे तो बोलेपर्यंत कळत नसे. एका पिकाच्या भातशेतीवर पोट भरत नसे, म्हणून घरातला एखादा तरुण मुंबईच्या गिरणीत तरी जाई, नाही तर पलटणीत. ‘इंग्रजांसाठी कशाला लढले?’ असे आमच्या सोसायटीतली तरुण मुले विचारतात. प्रश्न गैर नाही, पण त्याचे निम्मे उत्तर या घरांच्या धान्याच्या कणगीत आहे आणि ते देण्यासाठी आधी घर माहीत असावे लागते.

घाडग्यांचे ज्ञात थडगे नाही. त्यांचे नाव इटलीतल्या कॅसिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैनिकांना मिळाले. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीचे दोघे, घाडगे आणि नामदेव जाधव. जाधव सुदैवाने परत आले. घाडग्यांचा क्रॉस मात्र लक्ष्मीबाईंच्या हाती आला. जुलै २०२३ मध्ये इटलीत पेरुजाजवळच्या माँटोने गावात घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले गेले. आपल्याकडे माणगावात त्यांचा पुतळा आहे. गावी जाताना एसटीची वाट पाहत मी कैकदा तिथपर्यंत चालत गेलो आहे, पण लक्ष्मीबाईंविषयी काही विचारावे हे मलाही पन्नाशी उलटेपर्यंत सुचले नाही, हे कबूल करतो.

माझी विनंती साधी आहे. येत्या १० जुलैला आपण घाडग्यांवर काही छापाल, तेव्हा त्यांच्या नावाबरोबर बालाजीराव, विठाबाई आणि लक्ष्मीबाई ही नावेही छापावीत. शिवाय ठाणे आणि नवी मुंबईत माणगाव, महाड, पोलादपूरकडची हजारो कुटुंबे आहेत. त्यांच्या घरी पलटणीतून आलेली पत्रे, मनीऑर्डरच्या पावत्या किंवा पेन्शनची पुस्तके पत्र्याच्या ट्रंकेत पडून असतील, तर ती कळवण्याचे आवाहन आपण करावे. माझ्या आजीने सांगितलेले मी एका वहीत उतरवून ठेवले आहे. अक्षर वाईट आहे, पण आपल्याला हवे असल्यास स्वच्छ लिहून पाठवीन.

आपला नम्र,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई