दत्तकाचा अर्ज नेमका कुठे?

संपादक महोदय,

दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांनी जिल्हा न्यायालयात अर्ज करावा, असा सल्ला आपल्या पुरवणीत वाचला. हयात कोर्टाच्या कचेरीत गेल्यामुळे राहवले नाही, म्हणून लिहितो.

संस्थेतील मुलाच्या दत्तकाचा आदेश 1 सप्टेंबर 2022 पासून जिल्हाधिकारी देतात. बाल न्याय अधिनियमात 2021 मध्ये दुरुस्ती झाली, ‘न्यायालय’ जाऊन ‘जिल्हा दंडाधिकारी’, म्हणजे जिल्हाधिकारीच, आले. दत्तक घेणाऱ्यांनी ‘कारा’च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नोंदणी करायची. मूल ठरल्यावर आदेशासाठी अर्ज करते ती दत्तक संस्था. दोन महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. निकाल मान्य नसेल तर विभागीय आयुक्तांकडे अपील, म्हणजे आम्हा सांगलीकरांना पुणे गाठणे आले. उच्च न्यायालयात पडून असलेली प्रकरणे जिल्हाधिकाऱ्यांकडे वर्ग करण्याला जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली, त्यामुळे वकील मंडळींतही गोंधळ झाला, हे खरे.

हिंदू कुटुंबात भावाचे किंवा नणंदेचे मूल घ्यायचे असेल, तर गोष्ट निराळी. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने आईवडील मूल स्वतः देत असतील तर कोर्टाच्या आदेशाची गरज नाही. दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावे, पुढे वारसाच्या वेळी तेच उपयोगी पडते. आईवडील हयात नसून पालक मूल देत असेल, तर मात्र आजही कोर्टाची परवानगी लागते. मुस्लिम, ख्रिस्ती कुटुंबांना पूर्वी 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली नुसते पालकत्व मिळे. बाल न्याय कायद्याने त्यांनाही दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले.

कोर्टाकडून काम गेले याचे मला थोडे वाईट वाटते. ही सुनावणी साहेबांच्या चेंबरमध्ये, बंद दाराआड चाले. एका पोरीने टेबलावरच्या शाईच्या पॅडवर अख्खा पंजा उमटवला आणि मग तोच साहेबांच्या रोजनाम्यावर. कोणी रागावले नाही. निवडणूक, टंचाई, मोर्चे यांतून जिल्हाधिकाऱ्यांना इतकी सवड मिळेल का, ही माझी शंका. अर्थात कोर्टे चुकत नव्हती असेही नाही. बाल न्याय कायद्याखाली बहिणीची मुलगी दत्तक मागणाऱ्या घटस्फोटित बाईला ‘नोकरी करते, लक्ष देता येणार नाही’ म्हणून भुसावळच्या न्यायालयाने नकार दिला होता. एप्रिल 2023 मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

पण खरा धोका वेगळाच आहे. कुठे जावे हे न कळलेली माणसे मुद्रांक विक्रेत्याच्या टेबलापाशी येतात. प्रसूतिगृहातून ‘ठरवलेले’ बाळ, नोटरीचा शिक्का आणि दोन साक्षीदार, की झाले दत्तक, अशी समजूत. सोडून दिलेले किंवा अनाथ मूल असे परस्पर घेणे गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलाचा पैशाने व्यवहार झाला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. मूल सांभाळता येत नसेल त्या आईने बालकल्याण समितीकडे जावे. मूल सोडल्यावरही तिला फेरविचाराला दोन महिने मिळतात.

तेव्हा आपण त्या सल्ल्याची दुरुस्ती छापावी. आणि जिल्हाधिकारी कार्यालयाने जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा पत्ता व फोन लिहिलेला फलक प्रत्येक तहसील कचेरीत, मुद्रांक विक्रेते बसतात तिथेच लावावा.

— एक निवृत्त शिरस्तेदार, मिरज