ग्रेवाँ बघताना

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पॅरिसमधली मोकळी सकाळ मेणाच्या पुतळ्यांच्या ग्रेवाँ म्युझियमला दे. मेट्रो ८ किंवा ९, स्टेशन ग्रां बुलव्हार. तिकीट आधीच काढ, शनिवार-रविवार टाळ. नटनट्यांच्या पुतळ्यांपाशी रेंगाळू नकोस, वेळ फ्रेंच राज्यक्रांतीच्या पुतळ्यांसाठी राख.

राज्यक्रांतीतला पत्रकार-पुढारी मारा, त्याच्या पुतळ्यापाशी थांब. १३ जुलै १७९३ ला शार्लोत कोर्दे या विरोधी गटाच्या तरुणीने त्याला टबातच भोसकलं. कातडीच्या रोगामुळे तो तासन्‌तास पाण्यात बसून लिहायचा. तिथला तांब्याचा टब खरा, त्याच दिवसाचा, असं म्युझियम सांगतं. आकार बुटासारखा आहे, पाठीशी उंच आणि पायाकडे निमुळता. चित्रकार दाविदचं माराच्या मृत्यूचं प्रसिद्ध चित्र फोनवर घेऊन जा. त्यात टब चादरीने नि फळीने झाकलेला आहे, कातडी नितळ आहे आणि कोर्दे तर नाहीच. दाविद माराच्याच पक्षाचा होता, त्याला हुतात्मा रंगवायचा होता.

मग चेहरे बघ. मेण निवताना आकसतं, म्हणून मातीचं डोकं साधारण दोन टक्के मोठं घडवतात. त्यावरून प्लास्टरचा साचा काढून त्यात गरम मेण ओततात. केस एकेक करून सुईने रोवतात. पेणचे कारागीर गणपतीचे डोळे वरून आखतात, इथे बुबुळं आतून बसवतात. जिवंत माणसाची मापं घेता येतात. गेलेल्याचा मात्र फार तर मृत्यूनंतर घेतलेला ठसा हाती असतो. त्यात गाल ओघळलेले, डोळे मिटलेले. ते अंदाजानेच उघडावे लागतात. म्हणून जुन्या पुतळ्यांत पहिली फसते ती नजर. वरच्या दिव्याने डोळ्यांच्या खोबणीत सावली पडली असेल, तर बाजूला सरकून बघ.

मेणाला करमणूक समजू नकोस, बाळा. ११ जुलै १७८९ ला राजाने लोकांचा लाडका अर्थमंत्री नेकेर याला काढलं. दुसऱ्या दिवशी जमावाने कुर्तियुसच्या मेणदालनातून नेकेरचा आणि ओर्लेआँच्या ड्यूकचा, म्हणजे राजाच्याच एका भाऊबंदाचा, अर्धपुतळा उचलून मिरवणूक काढली, सैनिक त्यांच्यावर तुटून पडले. बास्तीयचा तुरुंग लोकांच्या हाती पडायला अजून दोन दिवस होते! या कुर्तियुसचीच शिष्या पुढे मादाम तुसाँ म्हणून गाजली. ग्रेवाँ १८८२ मध्ये उघडलं तेही एका वृत्तपत्राच्या मालकाने, आर्थर मेयरने. वर्तमानपत्रांत तेव्हा फोटो छापत नसत, बातमीतली माणसं लोकांना दिसावीत हा त्याचा हेतू. तेव्हा आजच्या पुढाऱ्यांपैकी कोणाला कुठे उभं केलंय, कोणाशेजारी, तेही वाच.

टबाचा फोटो बाजूने काढून पाठव. समोरून निमुळतेपणा कळत नाही.

तुझा,
बाबा