आयाळ लावायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार!

हे पत्र आधी फक्त तुम्हालाच पाठवणार होते, पण मग वाटलं की तुम्ही मला जे जे सांगितलंत ते आयाळ झडलेला मॉडेल घोडा हातात घेऊन बसलेल्या अजून कोणालातरी उपयोगी पडेल, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडत नाही हे माहितीये मला. पण आभार मात्र मोकळेपणाने मानणार, त्याला तुम्ही नाही म्हणू नका.

माझा घोडा तुम्हाला आठवतच असेल. ब्रेयर या मॉडेल घोडे बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचा, ट्रॅडिशनल साइझचा म्हणजे १:९ चा (खऱ्या घोड्याच्या नवव्या भागाएवढा), अरबी, धावण्याच्या पोजमधला. ब्रेयरच्या बहुतेक घोड्यांची आयाळ आणि शेपूट अंगाबरोबरच प्लास्टिकमध्ये ओतलेली असते, पण हा माझ्याकडे आला तेव्हा आधीच कस्टम झालेला होता, म्हणजे कोणा कलाकाराने ती प्लास्टिकची आयाळ कोरून काढून तिथे मोहेरचे केस लावले होते आणि काम सुंदर होतं हे उरलेल्या चार बटांवरूनही कळत होतं. मग तो कुठेतरी बंद खोक्यात पडून राहिला आणि कसर लागली. मोहेर म्हणजे शेवटी अंगोरा बकरीचे केस, लोकरीला जशी कसर लागते तशी यालाही लागणारच. मानेवर टक्कल, शेपटीची नुसती तार दिसतेय, आणि मधे मधे त्या अळ्यांची जाळी. मला बघवत नव्हतं.

तेव्हा तुम्हाला विचारलं आणि तुम्ही जर म्हणाला असतात की द्या पाठवून, मी करून देते, तर मी आनंदाने पाठवला असता. पण तुम्ही म्हणालात, "तुम्हीच करा, मी आहे ना." ताई, या एका वाक्यासाठी मी तुमची किती ऋणी आहे ते मला नीट सांगता पण येणार नाही. आणि नुसतं म्हणाला नाहीत, तुम्ही खरंच होतात, प्रत्येक टप्प्याला, रात्री उशिरा पाठवलेल्या फोटोवरसुद्धा सकाळी तुमचं सविस्तर उत्तर आलेलं असायचं.

सगळ्यात आधी तुम्ही केसांबद्दल बोललाच नाहीत. तुम्ही विचारलंत की हा घोडा कोणत्या जातीचा आहे आणि आत्ता या क्षणी तो काय करतोय. मला वाटलं होतं तुम्ही विचाराल ग्लू कुठला आहे, कात्री कुठली आहे. पण तुम्ही म्हणालात की उभ्या घोड्याची आयाळ खाली लोंबते, धावणाऱ्याची मागे जाते, आणि धावणाऱ्या अरबी घोड्याची शेपूट तर मुळापासूनच वर उचललेली असते, तेव्हा आधी खऱ्या घोड्यांचे व्हिडिओ बघा, थांबवून थांबवून बघा, केस कुठून उगवतात, कुठे वळतात, कानांमागून किती आणि खांद्याच्या उंचवट्याशी किती, ते बघा आणि मग धाग्याला हात लावा. मी बघत बसले, आणि खरं सांगते, त्यानंतर घोडा बघायची माझी नजरच बदलली. अरबी घोड्याची आयाळ रेशमी आणि बारीक, फ्रीजियन जातीची दाट आणि लाटा असलेली, अखाल टेकेची इतकी विरळ की केस जास्त लावले तर तो अखाल टेके वाटणारच नाही. हे सगळं डोळ्यासमोर होतं पण दिसत नव्हतं.

मग मोहेरच का, हे तुम्ही जे समजावलंत ते मला फार आवडलं. माझा साधा प्रश्न होता की खऱ्या घोड्याच्या शेपटीचे केस का नाही लावायचे, खरा घोडा खरे केस! तुम्ही हिशोबच मांडलात. दीड मीटर उंचीचा घोडा १:९ मध्ये जेमतेम १७ सेंटीमीटरचा होतो, म्हणजे त्याचा केसही नऊ पट बारीक हवा, आणि शेपटीचा खरा केस तर माणसाच्या केसापेक्षाही जाड असतो, तो लावला तर शेपूट तारांच्या जुडीसारखी दिसणार. मोहेरचा धागा साधारण २५ ते ४० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), लहान करडांचा अजून बारीक, त्यामुळे तो त्या प्रमाणाच्या बराच जवळ जातो. आणि त्याला चमक असते, घोड्याच्या केसाला असते तशी. लांबीचाही प्रश्न येत नाही कारण अंगोरा बकरीचे केस महिन्याला साधारण अडीच सेंटीमीटर वाढतात आणि वर्षातून दोनदा कापतात, म्हणजे एका कापणीत १५ सेंटीमीटरच्या आसपास लांब बटा मिळतात, या साइझच्या शेपटीला ते पुरून उरतं. ज्यांना प्राण्यांचे केस नकोत त्यांच्यासाठी व्हिस्कोसचे बारीक धागे आहेत हेही तुम्हीच सांगितलंत, आणि बाहुल्यांचे नायलॉनचे केस मात्र या घोड्यांवर जाड आणि अती चकचकीत दिसतात. माझंही आता तेच मत झालंय.

काम सुरू करण्याआधी तुम्ही दोन गोष्टी सक्त बजावल्यात आणि त्यासाठी वेगळे आभार. एक म्हणजे जुना ग्लू काढायला नेलपॉलिश रिमूव्हर जवळपाससुद्धा आणायचा नाही, कारण ब्रेयरचं प्लास्टिक म्हणजे सेल्युलोज ॲसिटेट आणि ॲसिटोनमध्ये ते विरघळतं. दुसरं म्हणजे आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवायचे आणि जुन्या केसांची एक चांगली बट जपून ठेवायची, कारण आधीच्या कलाकाराचं काम कसं होतं याची नोंद राहिली पाहिजे. हा आदर मला तुमच्याकडून शिकायला मिळाला. ती बट हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवायची म्हणजे अळ्या अंडी मरतात, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची नाहीतर केसांवर पाणी धरतं, हे इतकं बारीक कोण सांगतं हो! घोडा मात्र फ्रीजरमध्ये नाही ठेवायचा, थंडीत प्लास्टिक आणि त्यावरचा रंग वेगवेगळे आकसले तर तडे जायची भीती.

लावायची पद्धत तर आता मला झोपेतही सांगता येईल. मानेच्या वरच्या कडेला बारीक खाच, पातळ पातळ बटा, प्रत्येक बटेच्या टोकाला पांढरा पीव्हीए ग्लू लावून ते टोक चपटं वाळवायचं, मग त्या खाचेत बसवायचं, खांद्याकडून सुरुवात करून कानांकडे वर जायचं, आणि कपाळावरचा झुपका सगळ्यात शेवटी. शेपटीला तारेचा आधार, आणि तिथे केस खालच्या टोकापासून वर थराथराने लावत यायचं म्हणजे वरचा थर खालच्याचा जोड झाकतो. सुपरग्लू मी हातात घेतलाच होता, लवकर होतं म्हणून, तुम्ही म्हणालात तो केसांत चढतो आणि कडक करतो, वर पांढरी धूळ बसल्यासारखे डाग पडतात, आणि मुख्य म्हणजे पुढे कधी कोणाला हे केस बदलावे लागले तर पांढरा ग्लू कोमट पाण्याने मऊ पडतो, सुपरग्लू तसा निघत नाही. माझ्यानंतर हा घोडा ज्याच्याकडे जाईल त्याचाही विचार तुम्ही करत होतात. मला ते फार मोठं वाटलं.

पातळ बटा हा शब्द तुम्ही इतक्यांदा म्हणालात की मला वाटायचं झालं की आता, अजून किती पातळ! पण खरंच सगळी मेख तिथेच आहे. जाड बट लावली की मानेवर केसांची भिंत उभी राहते आणि ती कितीही विंचरली तरी पडत नाही. पातळ लावली की मागची मान किंचित दिसत राहते, खऱ्या घोड्यासारखी. आणि कात्री आडवी नाही चालवायची, टोकं सरळ रेषेत कापली की विग वाटतो, कात्री उभी धरून थोडं थोडं टोचत कापायचं म्हणजे टोकं निमुळती राहतात. खऱ्या आयाळीत सगळे केस एका लांबीचे कुठे असतात.

धावण्याचा वारा केसांत कसा आणायचा यावर आपलं किती बोलणं झालं! बटा थोड्या ओल्या करायच्या, बोटांनी मागे वळवायच्या, टिश्यू हलका गुंडाळून तसंच वाळू द्यायचं. हेअरस्प्रे नाही म्हणजे नाही, तो चिकट राहतो आणि धूळ धरून ठेवतो. यावर मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे, स्प्रे मारलेले घोडे मी बघितलेत, दोन वर्षांत केस करडे दिसायला लागतात.

आता निगा. तुम्ही सांगितल्याप्रमाणे बारीक दाताच्या फणीने खालून वर, टोकांचा गुंता आधी, मुळाशी बोटाने धरून, म्हणजे ताण ग्लूवर येत नाही. धूळ मऊ ब्रशने. धुवायचेच झाले तर फक्त केस, बेबी शॅम्पूचा एक थेंब पाण्यात, आणि शेपटीच्या भोकातून पाणी आत जाऊ द्यायचं नाही कारण आतली तार गंजते. थेट ऊन नको. आणि डांबराच्या गोळ्या! मी कसरीच्या भीतीने कपाटात ठेवणारच होते, तुम्ही म्हणालात त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं, चिकट होतं, त्यापेक्षा घोडे उजेडात, हवेत, डोळ्यासमोर ठेवा, कसरीला अंधार आणि न हलवलेलं कापड लोकर आवडतं, जो घोडा रोज दिसतो त्याला ती सहसा लागत नाही. म्हणून माझा अरबी आता उघड्या शेल्फवर असतो आणि महिन्याला मी त्याच्या मानेत मुळाशी नीट बघते.

एका गोष्टीचा उल्लेख करायलाच हवा. मला उत्साह आला होता आणि माझ्याकडच्या दुसऱ्या एका जुन्या घोड्यालाही केस लावायचे असं मी म्हणत होते, जो अजून कारखान्यातून आला तसाच होता, ज्याला कलेक्टर लोक ओएफ म्हणजे ओरिजिनल फिनिश म्हणतात. तुम्ही मला थांबवलंत. एकदा आयाळ कोरली की तो कायमचा कस्टम झाला, मॉडेल घोड्यांच्या शोमध्येही त्याची जागा कस्टमच्या वर्गात, आणि जुनं चांगल्या अवस्थेतलं मॉडेल पुन्हा तसं होत नाही, तेव्हा केस लावायला मोडका, ओरखडे पडलेला, रंग उडालेला घोडा शोधा, त्याला त्याची गरज आहे. किती बरं झालं थांबवलंत! तो घोडा जसा होता तसाच आहे आणि मी त्याच्याकडे बघून रोज तुम्हाला धन्यवाद देते.

ताई, तुम्ही माझ्याकडून काही घेतलं नाहीत, वर स्वतःजवळची पांढरी मोहेर काढून पाठवलीत कारण मला मिळत होती ती पिवळट होती. अरबीची शेपूट त्याच मोहेरची आहे. लोक विचारतात तेव्हा मी हे आवर्जून सांगते.

आणि तुमच्या सल्ल्याप्रमाणे मोडका घोडा मिळालाय! फ्योर्ड या नॉर्वेच्या जातीचा आहे, एक कान तुटका, कान मी एपॉक्सीने करून घेतला. याची आयाळ उभी कापायची, मधला पट्टा काळा आणि दोन्ही बाजू फिक्या, बाजूचे केस थोडे आखूड म्हणजे तो काळा पट्टा वर उठून दिसेल, मानेच्या कमानीप्रमाणे चंद्रकोरीसारखी गोलाई. मोहेर रंगवून वाळत घातलीये. पहिली ओळ लावली की फोटो पाठवते, काळा पट्टा रुंद वाटला तर स्पष्ट सांगा, ग्लू पांढराच वापरतेय, काढून पुन्हा लावेन.

तुमची,
अरबी घोडेवाली