गच्चीवरचा अँटेना आणि शेजारची वायर

संपादक साहेब, नमस्कार,
आमच्या सिडकोत घरं एकमेकांना चिकटून, आणि काही गल्ल्यांमधे ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची लाईन गच्चीपासून अगदी जवळून जाते. परवा शेजारी वायरलेस नेटचा अँटेना लावायला दोन पोरं आली, वीसेक फुटी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप, पायात स्लीपर, कमरेला सेफ्टी पट्टा नाही, आणि पाईप उभा करताना तो त्या लाईनकडे झुकला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला, ओरडून थांबवलं त्यांना. अहो पाईप आडवा पडला तरी वायरला लागणार नाही एवढं अंतर हवंच ना! पाईप चुकून टेकला तर धरणारा जागीच जातो, आणि ही लाईन उघडी असते, कोटिंग नसतं तिच्यावर.

दुसरं म्हणजे अर्थिंग. पाईपला जाड तांब्याची वायर लावून थेट अर्थिंगला जोडा, केबल घरात शिरते तिथे सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला जोराचा दाब अडवणारं उपकरण) बसवा. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तरी राऊटर जळतो. केबल आत घेताना खाली एक झोळ द्या, पाणी तिथूनच टपकतं, घरात शिरत नाही.

गच्ची ओली असेल, वारा असेल तर त्या पोरांना सरळ परत पाठवा, नेट दोन दिवस उशिरा आलं तरी चालेल.

– एक वाचक, सिडको, नाशिक