विषय : सँपल हाऊसचे दिशाभूल करणारे फोटो मागे घेणे, नव्याने शूट आणि पैसे परत करण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, प्रॉपर्टी फोटोग्राफी विभाग

तुमच्या कस्टमर केअरशी यापुढे फोनवर बोलणार नाही, म्हणून हे लेखी. बीड बायपासलगतच्या रो-हाऊस स्कीमच्या विक्रीचं काम आमच्याकडे आहे आणि तिथल्या सँपल हाऊसचं शूट तुम्हाला दिलं होतं. २४ फोटो, फ्लोअर प्लॅन आणि ड्रोन असं पॅकेज ठरलं. सगळी रक्कम १८ टक्के जीएसटीसह आगाऊ घेतलीत.

आधी डीपीचं, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरचं. गेटपासून तीसेक फुटांवर, रस्त्याच्या कडेला दोन खांबांवर डीपी बसवलेली आहे. तुमच्या एडिटरने ती फोटोतून पुसली. खांब गेले, तारा गेल्या, पण खांबांच्या दोन सावल्या रस्त्यावर तशाच पडलेल्या आहेत. समोर मुरूम टाकलेली मोकळी जागा आहे, तिथे हिरवंगार लॉन रंगवलंय. शूट मे महिन्यातलं. मराठवाड्यात मे महिन्यात असं लॉन दिसलं की बघणारा पहिल्यांदा पाण्याचं विचारतो. बोअर किती फुटांवर लागलं, पाणी उन्हाळाभर टिकतं का, टँकर आणावा लागतो का? नसलेल्या लॉनच्या पाण्याचा हिशोब आम्ही कुठून द्यायचा?

पुण्यात नोकरी करणारी मुलं इथे आई-वडिलांसाठी घर बघतात. आधी मोबाईलवर फोटो चाळतात, मग सुट्टी काढून येतात. गेटवर डीपी दिसली की आत यायलाही तयार होत नाहीत. डीपीजवळचं घर विकलं जात नाही असं नाही. कुणाला चालतं, कुणी भावात थोडं कमी करून घेतो, कुणी दुसऱ्या टोकाचं घर मागतो. पण डीपी लपवलेली दिसली की माणूस म्हणतो, फोटोत हे लपवलं तर कागदपत्रांत काय काय लपवलं असेल? त्यानंतर एनए (बिनशेती) ऑर्डर दाखवा, मंजूर नकाशा दाखवा, इसाराचा विषय निघत नाही.

घरांच्या विक्रीसाठीचा रेरा कायदा २०१६ तुमच्या लीगलवाल्यांना माहीत असणारच. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर कलम १२ प्रमाणे बिल्डरला भरपाई द्यावी लागते. नोंदणीकृत एजंटने चुकीचं चित्र उभं करायला कलम १० मनाई करतं. म्हणजे एडिटिंग तुम्ही करणार आणि उत्तर बिल्डर आणि आम्ही देणार. त्यावर कडी म्हणजे आम्ही दिलेल्या जाहिरातीच्या डिझाईनमधली महारेरा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोडची पट्टी कापून तिथे तुमचा लोगो बसवलाय. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. प्रॉपर्टीच्या फोटोंचा धंदा करणाऱ्या कंपनीला हे आम्ही सांगायचं?

आता आतले फोटो. छोटी बेडरूम १० बाय ११ फुटांची आहे, फोटोत ती १६ फुटांची वाटते. फाईलच्या माहितीत बघा, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ११ मिमी लेन्स लावलेली आहे. एवढी वाईड लेन्स लावली की जवळची वस्तू फुगते, समोरची भिंत लांब पळते आणि कडेला असेल ते ताणलं जातं. कडेला आलेला डबल बेड म्हणूनच सतरंजीसारखा लांब पसरलाय आणि कोपऱ्यातलं गोल स्टूल अंड्यासारखं झालंय. फुल फ्रेमवर १६ ते २४ मिमीमध्ये घरातलं जवळपास सगळं काम भागतं. १६ च्या खाली फार तर बाथरूमसाठी जावं, तेही गोल वस्तू आणि फर्निचर कडेला येणार नाही हे बघून. खोली लहान असेल तर दारात उभं राहून घ्या, दोन बाजूंनी दोन फोटो द्या. गिऱ्हाईक टेप घेऊन येतं.

भिंती वाकड्या दिसतात, कारण कॅमेरा डोक्याच्या उंचीवर धरून खाली झुकवलाय. ट्रायपॉड चार फुटांवर, साधारण स्विचबोर्डच्या उंचीला लावला आणि लेव्हल बघितली की भिंतीच्या रेषा सरळ येतात. स्वयंपाकघरात ओट्याच्या थोडं वर घ्यावं, म्हणजे ओट्याचा ग्रॅनाईटही दिसतो आणि खालची कपाटंही. तुमच्या माणसाने ट्रायपॉड गाडीतून बाहेर काढलाच नाही. खिडकीबाहेरचा उजेड आणि आतला अंधार दोन्ही नीट यावेत म्हणून एकाच जागेवरून कमी-जास्त उजेडाचे तीन ते पाच फोटो घेऊन जोडतात. ते हातात कॅमेरा धरून घेतले, त्यामुळे खिडकीच्या ग्रिलला दुहेरी कडा आल्या. वर पंखा चालू ठेवला! प्रत्येक फोटोत पाती वेगळ्या जागी, म्हणून जोडल्यावर तीन पात्यांच्या पंख्याला आठ-नऊ धुरकट पाती दिसतात. हॉलमध्ये पांढरी ट्यूब आणि पिवळे स्पॉटलाईट एकदम लावल्याने निम्मं सीलिंग निळसर आणि निम्मं पिवळं आलंय. एका रंगाचे दिवे ठेवून बाकीचे बंद करायचे, हे शूट सुरू करण्याआधी बघायचं असतं. नंतर एडिटिंगमध्ये एक सुधारलं की दुसरं बिघडतं.

स्वयंपाकघराचा फोटो तर आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा केलाय. भिंतीवरच्या घड्याळातले आकडे उलटे दिसतात, तरी तुमच्या तपासणीत कुणाला दिसलं नाही. आपल्याकडे लोक वास्तू बघतात. आग्नेयेचं स्वयंपाकघर फोटोत भलत्याच कोपऱ्यात गेलं, आणि तुमच्याच फ्लोअर प्लॅनशी तुमचाच फोटो जुळत नाही. त्या प्लॅनवर नुसतं ‘एरिया’ लिहिलंय. भिंतींच्या आतला कार्पेट की भिंतींसह बिल्ट-अप? रेराच्या प्रोजेक्टमध्ये कार्पेट एरिया सांगावा लागतो.

घर पूर्वाभिमुख आहे. सकाळी साडेआठच्या आत समोरचा फोटो घ्या, असं ऑर्डरमध्ये लिहून दिलं होतं. फोटोग्राफर दुपारी एकनंतर आला. तोवर दर्शनी भाग सावलीत गेला, छज्ज्याखाली काळोख आणि वर पांढरं फटक आभाळ. मग त्या आभाळाच्या जागी दुसरीकडचं ढगाळ आभाळ चिकटवलं.

ड्रोनचे पैसे घेतले, पण परवानगीचा कागद मागितल्यावर उत्तर नाही. चिकलठाणा विमानतळ इथून जवळ आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत ग्रीन झोन, म्हणजे परवानगीशिवाय ड्रोन उडवता येईल अशी हद्द, नसतो, आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यातही परवानगीशिवाय २०० फुटांपर्यंतच उडवता येतं. ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि पायलटचं प्रमाणपत्र दोन्ही लेखी द्या.

हे सगळं तुमच्या सुपरवायझरला फोनवर सांगितलं. तो काय म्हणाला ते सविस्तर लिहितोय, कारण त्याने तुमच्यापर्यंत काही पोचवलं असेल असं वाटत नाही. डीपी का पुसली, असं विचारलं. म्हणाला, “सर, तो क्लीन-अप आहे, पॅकेजमध्ये फ्री दिलाय.” आम्ही मागितला होता का? “नाही सर, पण सगळ्यांना आवडतो.” घर बघायला येणाऱ्याला डीपी दिसणारच ना? यावर म्हणाला, “सर, आमचं काम क्लिक आणून देण्याचं. पुढचं तुमचं.” मग लेन्सचं सांगितलं, उलट्या फोटोचं सांगितलं, घड्याळ बघा म्हटलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. फोटो उघडून बघत असेल असं वाटलं. आणि मग म्हणाला, “सर, तुमच्या मराठवाड्यात एवढं बारकाईने कोण बघतं? पुण्याचे क्लायंटसुद्धा असले प्रश्न विचारत नाहीत.” एवढं बोलून, फोन ठेवण्याआधी, “रेटिंगची लिंक येईल, पाच स्टार द्या सर.”

इथला माणूस आयुष्यभराची पुंजी घरात घालतो. शेत विकून, पीएफ काढून, सोनं मोडून घर घेतो. तो बारकाईने बघतो, फरशी वाजवून बघतो. त्याच्यासाठी काम करताना बारकाईने बघणं हेच तुमचं काम आहे, आणि त्याचेच पैसे तुम्ही घेतलेत. मोठ्या शहरात काम करणारी कंपनी म्हणून तुम्हाला निवडलं होतं. गावातल्या स्टुडिओवाल्याने निदान पंखा बंद केला असता.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, तेही डॉक्युमेंट म्हणून नाही. त्यामुळे दाबले जाऊन बारीक झाले, होर्डिंगला सोडा, पत्रकालाही चालणार नाहीत. वर प्रत्येक फोटोच्या मधोमध लोगो, आणि दुसऱ्या पोर्टलवर वापरायचे तर ‘लायसन्स फी’ मागता. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १७ वाचा. मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. असा करार आमच्यात झालेला नाही.

आमच्या मागण्या. डीपी पुसलेले आणि लॉन रंगवलेले फोटो तुम्ही जिथे जिथे टाकलेत तिथून काढून तसं लेखी कळवा. नव्याने शूट करा, सकाळच्या उजेडात, ट्रायपॉडवर, १६ मिमीच्या खाली न जाता. एडिटिंगमध्ये उजेड, रंग आणि रेषा सुधारा, फार तर फरशीवर पडलेली वायर काढा. कायम राहणारी कोणतीही गोष्ट काढायची नाही आणि नसलेली घालायची नाही. डीपी फोटोत दिसलीच पाहिजे. फायली लिंकवरून, लांब बाजू किमान ३००० पिक्सेल, लोगोशिवाय. मूळ रॉ फायलीही द्या. ड्रोन आणि एडिटिंगची रक्कम जीएसटीसह परत करा.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत हे झालं नाही तर वकिलामार्फत नोटीस येईल आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. ‘तुम्ही व्यावसायिक आहात, ग्राहक नाही’ हेही तुमच्या माणसाने ऐकवलंय. ही सेवा आम्ही स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली होती, ते आयोगापुढे मांडू. नव्या शूटला फोटोग्राफर कोण येणार ते आदल्या दिवशी कळवा, आणि तो सुपरवायझर सोडून दुसऱ्या कुणाशी तरी लेखी संपर्क द्या.

विक्री प्रतिनिधी,
बीड बायपास, छत्रपती संभाजीनगर

सोबत : ऑर्डरची प्रत, पावती, सावल्या दिसणारा फोटो, उलट्या घड्याळाचा फोटो, त्याच जागांचे मोबाईलवर काढलेले खरे फोटो